एकाच नंबरच्या दोन डिस्क

१

सोमवारी सकाळी मोनिका ढाकणेनं मशीन चालू केली, तेव्हा तिची फिल्म तीन आठवड्यांनी लहान झाली होती.

फाइल उडाली असती तर पोरगी रडून तरी मोकळी झाली असती. इथं फाइल होती. नाव तेच, जागा तीच. पण आतलं सगळं जुनं, पाथर्डीच्या शेवटच्या शूटिंगच्या आधीचं. बायडाबाई मुकादमीण ऊसतोडीची टोळी घेऊन गाव सोडते तो दिवस त्यात नव्हता. त्यानंतर रोज मान मोडून केलेला एकही कट नव्हता. जणू ते दिवस उगवलेच नव्हते.

आणि मंगळवारी संध्याकाळी पुण्याच्या महोत्सवाची मुदत संपत होती. शेकड्यांनी आलेल्या फिल्ममधून शेवटच्या फेरीला आठ निवडल्या होत्या, त्यात नगरची ही एकच. पूर्ण झालेली फिल्म पोचली नाही तर नाव बाद.

फोन मला मोनिकाचा आला नाही, तिच्या मालकाचा आला. वैजनाथशेठ, सावेडीत दुसऱ्या मजल्यावर लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ. "सुकन्याताई, आमच्या पोरीनं कायतरी घोळ घातलाय, बघा जरा." घोळ पोरीनंच घातला, हे शेठनी चहा प्यायच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

माझा धंदा मेलेल्या डिस्कमधून लोकांची लग्नं आणि बारशी बाहेर काढायचा. लोक माझ्याकडे दोन वस्तू घेऊन येतात, डिस्क आणि संशय. डिस्क उघडायला सोपी असते.

मी गेले तेव्हा मोनिका खुर्चीत नव्हती, खुर्चीशेजारी जमिनीवर बसली होती.

"कार्डं असतील ना कॅमेऱ्याची?" मी विचारलं.

"लग्नसराई आहे, ताई. इथं कार्ड त्याच संध्याकाळी खाली करून पुसायचं असतं. दुसऱ्या दिवशी त्याच कार्डावर कुणाचा तरी साखरपुडा. बायडाबाईच्या कार्डांवर आता हळदी नाचतायत."

"परत शूट?"

"टोळी कर्नाटकात गेली. आणि गाव सोडायचा दिवस परत कसा शूट करू? नाटक करायला लावू तिला?"

मी डिस्क माझ्या यंत्राला लावली. पुसलेली गोष्ट डिस्कवर मागं काहीतरी सोडते. भिंतीवरचं चित्र काढलं तरी खिळ्याचं भोक राहतं, तसं. तासभर खणलं. भोक नाही, खिळा नाही, काही नाही.

"मोनिका, या डिस्कवरून काहीच पुसलेलं नाही."

"मग?"

"तुम्ही पाथर्डीला गेलात त्या दुपारपासून या डिस्कवर कुणी एक अक्षरही लिहिलेलं नाही."

ती उठून उभी राहिली. "ताई, मी रोज इथंच बसत होते. याच मशीनवर. रोज."

आणि ती खोटं बोलत नव्हती, ही खरी अडचण.

२

चोरी झाली की लोक विचारतात, फायदा कुणाचा? मी विचारते, जळतं कुणाचं? फायद्यासाठी माणूस एकदाच चोरी करतो. जळणारा रोज करतो.

या स्टुडिओत मोनिका सोडून तिघं. आणि महोत्सवाचं पत्र आल्यापासून तिघांच्याही पोटात निखारा होता. कुणी लपवतही नव्हतं.

शेठ आधी. गळ्यात साखळी, टेबलावर गणपती, गणपतीपुढं मोबाईल.

"मला एक सांगा ताई. मशीन माझी, कॅमेरा माझा, लाईटबिल माझं. पाथर्डीला त्या दिवशी गाडीसुद्धा मीच हाणली, माझ्या पेट्रोलवर. आणि पत्रावर नाव कुणाचं? मोनिका ढाकणे. स्टुडिओचा उल्लेख नाही! वीस वर्षं नगर जिल्ह्याची लग्नं काढतोय मी. मला कोणी पुण्याला बोलावलं का?"

"म्हणून तुम्ही फिल्म घालवलीत?"

"घालवली असती तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "खरं सांगू का, शनिवारी मनात आलं होतं. नुसतं मनात. शनिवारी रात्री मी जामखेड रोडच्या लॉन्सवर होतो, विचारा कुणालाही."

शनिवारचा हिशोब सगळ्यांनीच तयार ठेवला होता. शनिवारी संध्याकाळपर्यंत फिल्म शाबूत होती, रविवारी सुट्टी, सोमवारी गायब. म्हणजे जे झालं ते शनिवारी रात्री, असं सगळ्यांनी धरलं होतं. मी नव्हतं धरलं.

"टोळी निघाली त्या दिवशी पाथर्डीला कोण कोण होतं?"

शेठ गोंधळले. "त्या दिवशी? मी आन् मोनिका. का?"

उत्तर न देता मी कल्याणकडे वळले. कल्याण वाकचौरे, अकोले तालुक्यातला, स्टुडिओतला सर्वात जुना एडिटर. मोनिकाला कट कसा मारायचा हे यानंच शिकवलं. आता तिच्या नावाचं पत्र याच्या टेबलासमोरच्या भिंतीला चिकटवलेलं होतं. तेही शेठनीच चिकटवलं होतं, मुद्दाम.

"मी कशाला हात लावू?" तो स्क्रीनवरून नजर न काढता बोलला. समोर कुणाची तरी वरमाला चालू होती. "घालवण्यासारखं हाय का त्यात काय? बाई शिव्या देती आन् मागं बासरी वाजती! पयल्यापासून शेवटपर्यंत बासरी. आवो, उसाच्या फडात कोन बासरी वाजवतंय? मी तिला बोल्लो व्हतो, तर म्हनली, दादा, तुम्ही लग्नाची गानी लावा. मला! ज्यानं तिला माउस धरायला शिकवला त्याला!"

"राग आला?"

"आला की. आजूनबी हाय. पन ताई, माझा राग तोंडानं भाईर पडतो. हातानं न्हाई."

"टोळी निघाली त्या दिवशी कुठं होतात?"

"गावाला. भात सोंगायला. चार दिस गेल्तो. माझा फोटोबी टाकला व्हता ग्रुपवर, इळा घिऊन. शेठनं खाली अंगठाबी दिला नव्हता."

"कामावर नसताना अंगठा कशाला देऊ?" पलीकडून शेठ ओरडले.

उठताना सहज माझं लक्ष मोनिकाच्या मशीनकडं गेलं. मी पत्रा काढला. आत डिस्क बसवायच्या चार खाचा. एकीत मोनिकाची डिस्क, ती मीच परत बसवली होती. दोन रिकाम्या, बोटभर धूळ. आणि सगळ्यात वरची चौथीही रिकामीच.

तिच्यात धूळ नव्हती.

३

सृष्टी ठुबे चहा घेऊन आली. केडगावची. मोनिका आणि ही एकाच दिवशी कामाला लागल्या, एकाच टेबलावर डबा खातात, एकीच्या स्कूटीवर दुसरी बसते. मोनिका फिल्म कापते आणि सृष्टी अल्बमचे फोटो गोरे करते.

सकाळपासून मोनिकाला पाणी पाजणारी, तिचा चेहरा पुसणारी हीच. डोळे मोनिकापेक्षा हिचे जास्त सुजलेले.

"मोने, घे ना गं दोन घोट. रडून काय परत येणारे का?"

"तू जा सृष्टे. मला नको."

"ताई, काहीतरी करा हो," सृष्टी माझ्याकडे वळली. "हिनं काय जीव लावला होता तुम्हाला माहीत नाही. दुसरं कुणी असतं तर शेवटाला व्हायोलिन रडवलं असतं. हिनं नुसता ट्रॅक्टरचा आवाज ठेवला. त्याला छाती लागते."

मोनिकानं कौतुक ऐकलंच नाही, ती नख खात होती. मी ऐकलं.

"टोळी निघाली त्या दिवशी तू कुठं होतीस गं?" मी चहा ओतत विचारलं.

"मी? इथंच. एकटी. कल्याणदादा गावाला, शेठ आणि ही पाथर्डीला. भयंकर कंटाळले. त्यात दुपारी लाईट गेली, इन्व्हर्टरही बसला. सगळ्या मशीन बंद." ती थांबली. "का हो?"

"काही नाही. तू अल्बमला कोणता डबा वापरतेस? ते झेरॉक्सचं काय म्हणता तुम्ही?"

तिनं कपाटावरच्या डब्याकडे बोट दाखवलं. दोन खाचांचा काळा डबा. एका खाचेत भरलेली डिस्क, दुसरीत कोरी, बटण दाबलं की जशीच्या तशी नक्कल. लग्नवाल्यांकडं असतोच हा. नवरीकडच्यांना एक, नवऱ्याकडच्यांना एक. याला इथं 'झेरॉक्स काढणं' म्हणतात.

सृष्टी कप घेऊन आत गेली. मी मोनिकाचं मनगट धरलं.

"फिल्म कुणाला दाखवली होतीस?"

"जुनी? सगळ्यांना. दिवाळीच्या आधी."

"आणि नवी?"

"कुणालाच नाही. स्क्रीन भिंतीकडं फिरवून बसायचे, कानाला हेडफोन. कल्याणदादा येता-जाता टोमणे मारतात म्हणून."

"मग बासरी कधी काढलीस?"

तिनं हात सोडवून घेतला.

"गेल्या आठवड्यात," ती हळूच म्हणाली. "पण ताई, बासरी काढली, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

४

कल्याणनं तिच्या फिल्मला नावं ठेवली आणि त्यातच तो सुटला. त्याला फक्त बासरीवाली जुनी फिल्म ठाऊक होती. कुणी म्हणेल, नाटक करत असेल. असेल. पण त्या दिवशी तो अकोल्यात भातात उभा होता आणि शेठ पाथर्डीत मोनिकाच्या शेजारी. सृष्टीनं मात्र कौतुक केलं, आणि कौतुक त्या फिल्मचं केलं जी कुणी पाहिलीच नव्हती.

मी तिला जिन्यात गाठलं. चारचौघांत उभं करून पोरीची अब्रू काढायची हौस मला नाही.

"डिस्क केडगावला आहे ना, घरी?"

"कुठली डिस्क?"

"मग मी सांगते, तू ऐक. चुकलं तर थांबव."

ती कठड्याला टेकली.

"डिस्क पहिल्यांदा तयार करताना तिच्यावर एक लांबलचक नंबर पडतो. प्रत्येकीचा वेगळा. तुमची मशीन डिस्क कुठल्या खाचेत आहे ते बघत नाही, नंबर बघते. तो नंबर दिसला की म्हणते, ही मोनिकाच्या कामाची डिस्क, आणि उघडते. तू नुसती फाइल उचलून दुसऱ्या डिस्कवर टाकली असतीस तर दुसरीचा नंबर दुसराच राहिला असता, काही बिघडलं नसतं. पण तू झेरॉक्स काढलीस. त्या डब्याला फाइल कळत नाही, नंबर कळत नाही, तो दिसेल ते सगळं उतरवतो. नंबरासकट. एका नंबरच्या दोन डिस्क झाल्या."

सृष्टी नखानं कठड्याचा रंग खरवडायला लागली.

"मूळ डिस्क तू जागेवर परत लावलीस आणि नक्कल वरच्या खाचेत बसवलीस, नीट उतरली का ते मोनिका पाथर्डीत असतानाच बघून घ्यावं म्हणून. मशीननं उघडू दिली नाही. बरोबर?"

"म्हणाली, हा नंबर आधीच उघडा आहे," सृष्टी पुटपुटली. "मला वाटलं झेरॉक्सच बिघडली."

"तेवढ्यात लाईट गेली. परत आली, मशीन परत चालू झाली आणि नंबर शोधायला लागली. वरच्या खाचेत पहिल्यांदा सापडला, तोच उघडला. त्या क्षणी दोन्ही डिस्क सारख्याच होत्या, म्हणून संध्याकाळी मोनिकाला काही कळलं नाही. तिनं बायडाबाईची कार्डं उतरवली ती तुझ्या डिस्कवर. तीन आठवडे तिनं तुझ्या डिस्कवर काम केलं. तिची स्वतःची डिस्क खाली नुसती गरगरत होती."

"मला नव्हतं माहीत! देवाशपथ, ताई. मला काढून घ्यायची होती, पण ही जागची उठेचना. शनिवारी ती लवकर गेली तेव्हा काढली. मी काहीच पुसलं नाही."

"ठाऊक आहे. वरची गेली, म्हणून आज सकाळी मशीनला खालची जुनी सापडली. पुसलं असतंस तर मला परत काढता आलं असतं. तू उचलून नेलंस."

खाली रिक्षावाला कुणाशी तरी भांडत होता. सृष्टी तिकडं बघत होती.

"घरच्या मशीनवर उघडली?"

"तिथं एकटीच होती ना, लगेच उघडली. मला वाटलं जुनी बासरीवाली असेल. तर सगळी नवी. रविवारभर बघितली. परत परत." तिनं नाक ओढलं. "आम्ही दोघी एका दिवशी लागलो, ताई. तिला फिल्म, मला नवरीच्या हनुवटीवरचे केस पुसायचं काम. मला फक्त बघायचं होतं, ती असं काय करते जे मी करत नाही."

"बघितलंस. ठीक. पण आज सकाळी ती जमिनीवर बसून रडत होती, तेव्हा तुला कळलं होतं ना, तिचं काम कुठंय ते?"

"कळलं होतं."

"मग?"

ती जिन्याच्या पायरीवर बसली.

"मला बरं वाटलं, ताई. पत्र आल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं."

मी आजवर बरेच चोर बघितले. इतकं खरं कुणी बोललं नव्हतं. दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं आणि हात उचलला नाही.

"चल केडगावला."

"ताई," ती जागची हलली नाही. "त्यात अजून एक गोष्ट आहे. ती मोनीला कळली तर ती मला जिवंत ठेवणार नाही."

५

मंगळवारी सकाळी मी आधी जुनी डिस्क एकटी लावून तिला नवा नंबर दिला आणि बाजूला ठेवली. दोन जुळ्या परत एकत्र बसवल्या असत्या, तर मशीन कुणाला ओळख देईल याचा भरवसा नव्हता, आणि या वेळी चुकायला दिवस शिल्लक नव्हता. मग केडगावची लावली. उघडली. सगळं होतं.

मोनिका ओरडली नाही. तिनं सृष्टीकडं बघितलंही नाही. म्हणाली, "लावा."

कल्याण खुर्ची ओढून आला. शेठ मागं उभे राहिले. फिल्म सुरू झाली.

बायडाबाई पडद्यावर आली आणि खोली तिची झाली. नवऱ्याला, ट्रॅक्टरवाल्याला, देवाला, सगळ्यांना एका मापानं शिव्या देत होती. बासरी नव्हती. कल्याणनं पाच मिनिटांत मोबाईल उलटा ठेवला.

शेवटी टोळी निघते. ट्रॉलीवर भांडी, गोधड्या, पोरं. बायडाबाई खाली उभी राहून माणसं मोजते. मधेच कुणीतरी खाली उतरतं. ती शिवी हासडते, पहिल्यापासून मोजायला लागते. एक, दोन, तीन... आणि मोजतानाच, चौथा आकडा तोंडात असतानाच, पडदा काळा झाला. नुसता ट्रॅक्टर वाजत राहिला.



"आयला," कल्याण म्हणाला. एवढंच.

मोनिका मात्र पांढरी पडली होती. "हे माझं नाही."

"म्हणजे?" शेठ म्हणाले.

"माझी फिल्म इथं संपत नाही. ती मोजून होते, गाडी जाते, धूळ बसते, मग तिच्या घराचं कुलूप. कुलपावर संपते माझी." तिनं मान वळवली. "सृष्टे."

सृष्टी दाराशी उभी होती. "रविवारी केलं. फक्त तेवढं एक. तुझं कुलूप तसंच आहे पुढं, मी टाकून नाही दिलं. एका बटणानं परत येईल."

मोनिकानं कुलूप परत जोडलं. शेवट पुन्हा बघितला. धूळ बसली, कुलूप आलं. चांगलं होतं. शाळेतल्या निबंधाच्या शेवटच्या ओळीसारखं चांगलं. तिनं कुलूप काढलं, परत बघितलं. परत जोडलं. परत काढलं. प्रत्येक वेळी तिचा जबडा आणखी आवळत होता. दाढ दुखणाऱ्या माणसासारखं तोंड करून ती शेवटी म्हणाली, "हिचं बरोबर आहे."

  या खोलीत आदल्या दिवशीपर्यंत एकीचं जळत होतं, आता दुसरीचं पेटलेलं मला दिसत होतं. सृष्टीनं निदान चोरून बघितलं होतं. मोनिकाला सगळ्यांसमोर बघावं लागलं, की जे तिला तीन आठवडे बसून दिसलं नाही, ते फोटो गोरे करणाऱ्या पोरीला एका रविवारी दिसलं.

तिनं सृष्टीचा कट ठेवला. मग शेवटची अक्षरं उघडली. कल्पना, दिग्दर्शन, संकलन. तिन्हीपुढं एकच नाव. त्या रकान्यात अजून एक नाव मावेल एवढी जागा होती. मला दिसली. कल्याणलाही दिसली, कारण तो खाकरला.

"नाव टाकते का तिचं?" त्यानं विचारलं.

"कशाला?" मोनिका म्हणाली. "कामाच्या वेळात केलंय का तिनं? मला विचारून केलंय का? चोरलेल्या फिल्मला हात लावला, त्याचं नाव लावायचं?"

"शेवट तिचा हाय, मोनिका."

"दादा, तुम्ही शिकवलेला कट मी रोज मारते. तुमचं नाव लावते का?"

कल्याणनं खुर्ची मागं ओढली. शेठनी हळूच विचारलं, स्टुडिओचं नाव तरी? मोनिकानं ते ऐकलंही नाही.

फिल्म महोत्सवाच्या पानावर चढवून झाली. फक्त पाठवायचं बटण राहिलं होतं. मोनिकानं बोट ठेवलं आणि तिथंच धरलं. खोलीत पंख्याचा आवाज. तिची पाठ दाराकडे होती, पण सृष्टी अजून तिथंच उभी आहे हे तिच्या पाठीला कळत होतं. बोट खाली जाईना, वरही येईना.

"दाब," सृष्टी मागून म्हणाली. "मुदत जाईल."

मोनिकानं वळून बघितलं नाही. तिनं बटण दाबलं.